जुना रस्ता हीच खाण

आजचा विषय ऐकायला थोडा रुक्ष आहे, हे आधीच मान्य करतो. जुन्या डांबरी रस्त्यातला माल पुन्हा वापरून गावाकडचा रस्ता दुरुस्त कसा करायचा, आणि तोच रस्ता रुंद कसा करायचा, यावर मी बोलणार आहे. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, पण बरीच वर्षं हावड्यात राहून रस्त्यांचीच कामं करतोय. त्यामुळे उदाहरणं इकडची येतील.

समोर टेबलावर दोन नमुने ठेवलेत. हा उभा दंडगोल राष्ट्रीय महामार्गातून काढलेला आहे. यंत्राने भोक पाडून काढतात, आम्ही त्याला कोअर म्हणतो. वरपासून खालपर्यंत काळा आहे, जवळजवळ वीस सेंटिमीटर नुसती खडी आणि डांबर. दुसरा नमुना कोअर नाही, कारण गावच्या रस्त्यातून अखंड कोअर सहसा निघतच नाही. हे ढेकूळ आहे. वरचा काळा थर बघा, अंगठ्याच्या पेराहून कमी. त्याच्याखाली खडी, माती, आणि हे जांभळट दिसतंय ते विटांचे तुकडे.

'रस्त्याचं रिसायकलिंग' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पहिला नमुना येतो. परदेशातले व्हिडिओ त्याचेच असतात. पण आपल्या देशातल्या साधारण ६३ लाख किलोमीटर रस्त्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास रस्ते ग्रामीण आहेत. ते दुसऱ्या नमुन्याचे. दोघांचं औषध वेगळं आहे.

आधी या विटांचं सांगतो. हावडा जिल्हा हुगळी, दामोदर आणि रूपनारायण यांच्या गाळावर बसलेला आहे. आपल्याकडे विहीर खणताना काळा पाषाण लागला की माणूस कपाळाला हात लावतो. इथे विहिरीत दगड लागला तर गाव बघायला येईल. खाली चिकणमाती, तिच्याखाली पुन्हा गाळ. म्हणून बंगालमध्ये पूर्वापार रस्त्याला वीट वापरत आले. त्यातही 'झामा' वीट, म्हणजे भट्टीत आगीच्या फार जवळ राहून जादा भाजलेली, वेडीवाकडी, काचेसारखी टणक झालेली. आपल्या वीटभट्टीवर तिला खंगर म्हणतात. ती फोडून केलेल्या तुकड्यांना इथे 'खोआ' म्हणतात. दगडी खडी येते ती झारखंडातल्या पाकुडहून किंवा बीरभूममधल्या पाचामीहून. पाकुड इथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. गंमत म्हणजे पाकुडचा दगड आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हाचा, बेसॉल्ट. राजमहाल टेकड्यांचा हा दगड साधारण पावणेबारा कोटी वर्षांपूर्वीचा, आपला साडेसहा कोटींच्या आसपासचा. वयाने थोरला भाऊ म्हणा.

तर अडीचशे किलोमीटरवरून आणलेला हा दगड आपण रस्त्यात दाबतो, त्यावर डांबराचा पातळ थर टाकतो, आणि पाच-सहा वर्षांनी रस्ता उखडला की त्याच्यावर दुसरा थर टाकतो. मग तिसरा. खालचा दगड तिथेच पडून राहतो आणि वर नवा येत राहतो.

याचा परिणाम बघायचा असेल तर हावड्यातल्या कुठल्याही जुन्या वस्तीत या. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्यात ४८ लाखांच्या वर माणसं होती आणि क्षेत्रफळ जेमतेम १,४६७ चौरस किलोमीटर. म्हणजे दर चौरस किलोमीटरला ३,३०० माणसं. खेड्यांतसुद्धा घरं रस्त्याला चिकटून आहेत. घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून आत जायचं. आता दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं. पाऊस आला की रस्त्यावरचं पाणी उंबऱ्यातून सरळ घरात. आमता, उदयनारायणपूर या भागात दामोदरचा पूर येतो तो वेगळाच. लोक दारात विटांचा बांध घालतात, पुढच्या डांबरीकरणाला तो बांधही कमी पडतो.

बागनानकडे एका फुलवाल्याच्या दारात आम्ही मोजमाप घेत होतो. तिकडे फुलांची शेती मोठी, रात्रीच माल निघतो आणि पहाटे हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटाच्या बाजारात पोचतो. रस्ता रुंद व्हायला हवा असं सगळ्यात जास्त त्यालाच वाटत होतं, कारण दोन टेम्पो समोरासमोर आले की एकाला तळ्याच्या काठापर्यंत मागे जावं लागतं. पण त्याने मला रुंदीबद्दल विचारलंच नाही. म्हणाला, "इंजिनियारबाबू, रस्ता किती उंच करणार तेवढं सांगा."

मी हा प्रश्न फार गंभीरपणे घेतो. पुलांच्या बाबतीत तो जिवाचा होतो. ४ सप्टेंबर २०१८ला कोलकात्याचा माझेरहाट पूल पडला. त्यानंतर जी चर्चा झाली तिच्यात, वर्षानुवर्षं डांबराचे थर चढवून पुलावर वाढलेलं ओझं, हा मुद्दा पुन्हा पुन्हा आला. थर चढवणं सोपं असतं, आणि उद्घाटनालाही बरं दिसतं. थर काढण्याचं उद्घाटन मी अजून पाहिलेलं नाही.

जुन्यावर नवा रस्ता घालायची इथली सवय तशी फार जुनी आहे, आणि तिच्यात आपलाही हात आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच 'मराठा डिच'. मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत. १७९९मध्ये बराचसा खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला, म्हणजे आजचे आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र रोड. इथले मित्र मला 'बर्गी' म्हणून चिडवतात तेव्हा मी त्यांना सांगतो, तुमच्या एवढ्या मोठ्या रस्त्याची जागा आम्हीच मोकळी करून दिली.

असो. आता पहिल्या नमुन्याकडे, म्हणजे जाड डांबराच्या रस्त्याकडे. डांबर म्हातारं होतं. ऊन आणि हवा यांनी त्याचं ऑक्सिडीकरण होतं, त्यातला तेलकट, पातळ भाग कमी होतो आणि कडक भाग वाढतो. नवं डांबर थोडं ताणलं तर ताणतं, जुनं चटकन तुटतं. पण ते नाहीसं झालेलं नसतं. रस्ता खरवडून निघालेला माल गरम केला, त्यात मऊ प्रतीचं ताजं डांबर किंवा एखादं तेलकट द्रव्य घातलं, तर दोन्ही मिळून पुन्हा कामाला येतात. अमेरिकेत १९७३च्या तेलसंकटानंतर याने जोर धरला. आज तिथे दरवर्षी दहा कोटी टनांच्या जवळपास जुना डांबरी माल गोळा होतो आणि जवळजवळ सगळा पुन्हा रस्त्यात जातो. जपानमध्ये नव्या मिश्रणात निम्म्याच्या आसपास जुना माल असतो. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसचा यावरचा संहितावजा ग्रंथ, आयआरसी १२०, २०१५ सालचा आहे. तरी प्रत्यक्ष वापर अजून थोडा. आणि देशाला वर्षाला लागणाऱ्या सुमारे ८८ लाख टन डांबरापैकी निम्म्याच्या घरात आपण आयात करतो.

इथे एक सावधगिरी. बोलताना आपण सगळ्यालाच डांबर म्हणतो. पण खनिज तेलातून येतं ते बिटुमेन, आणि दगडी कोळशापासून निघतं ते खरं डांबर, म्हणजे टार. कोळशाच्या डांबरात कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं पुष्कळ असतात, म्हणून युरोपात तसे जुने रस्ते गरम करून पुन्हा वापरत नाहीत. फार जुन्या औद्योगिक वस्तीतला रस्ता असेल तर आधी हे तपासलेलं बरं.

आता हीच पद्धत गावच्या रस्त्याला लावा असं कोणी म्हणालं तर मी नको म्हणतो, आणि त्याचं कारण हिशेबात आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला नेहमीचा रस्ता घ्या. रुंदी पावणेचार मीटर. खडीचे तीन थर, प्रत्येकी ७५ मिलिमीटर, म्हणजे २२५. वर २० मिलिमीटरचं डांबरी कार्पेट. एक किलोमीटरमध्ये कार्पेटचा माल होतो ७५ घनमीटर, त्यातलं डांबर फार तर सात-आठ टन. तेही झिजलेलं, उडून गेलेलं, मातीत मिसळलेलं. खाली खडी किती? ८४४ घनमीटर, वजनाने पावणेअठराशे टनांच्या आसपास. सोळा टनी ट्रक धरला तर एकशे दहा खेपा. प्रत्येक खेप अडीचशे किलोमीटरवरून आलेली.

म्हणजे गावच्या रस्त्यात जपण्यासारखं जे आहे ते डांबर नाहीच, दगड आहे. सात टन डांबर वाचवण्यासाठी गरम मिश्रणाचा प्लांट उभा करणं हा वेडेपणा. पण अठराशे टन दगडावर नवा दगड ओतणं हा त्याहून मोठा वेडेपणा, आणि तो आपण बिनदिक्कत करतो.

यासाठी जी पद्धत आहे तिला पूर्ण खोलीचं पुनर्वापर म्हणता येईल. कागदोपत्री 'एफडीआर' हेच नाव रूढ झालंय. त्याचं यंत्र बघण्यासारखं असतं. पोटात एक मोठा ड्रम, त्यावर शेकडो दात. चालता चालता वरचं डांबर आणि खालची खडी एकत्र कुस्करत, उलथत जातं, पंचवीस-तीस सेंटिमीटर खोलपर्यंत. आधी रस्त्यावर सिमेंट पसरलेलं असतं. पुढे पाण्याचा टँकर, त्याची नळी यंत्राला जोडलेली. कुस्करलेला माल, सिमेंट आणि पाणी पोटातच कालवलं जातं. मागे खुरांचा रोलर, मग ग्रेडर, मग गुळगुळीत रोलर. सिमेंटला पाणी लागल्यापासून दोनेक तासांत दाबाई संपली पाहिजे, त्यात चहाची सुट्टी बसत नाही. त्यानंतर सात दिवस ओलं ठेवायचं.

सिमेंटऐवजी बिटुमेनही वापरता येतं. एक तर पाण्यात कालवलेलं, म्हणजे इमल्शन. किंवा फेसाळलेलं. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की कसं तडतडतं? दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या बिटुमेनमध्ये अगदी थोडं पाणी सोडलं की ते वाफ होऊन बिटुमेन दहा-पंधरा पट फुगतं, आणि त्या फेसाने थंड, ओलसर खडीलाही धरता येतं. ही युक्ती १९५६मध्ये अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातल्या लाडिस चान्यी यांनी काढली. गावच्या रस्त्याला मात्र आपल्याकडे मुख्यतः सिमेंटच परवडतं.

मग रुंदीकरण. पावणेचार मीटरचा रस्ता साडेपाच मीटर करायचा. जुना २२५ मिलिमीटरचा खडीचा थर साडेपाच मीटरवर पसरला तर त्याची जाडी होते १५३. म्हणजे जुन्याच मालातून नव्या रुंदीचा निम्म्याहून बराच जास्त पाया निघतो. नवी खडी लागते ती फक्त फरकापुरती. मला या पद्धतीत सगळ्यात जास्त आवडते ती गोष्ट वेगळीच आहे. नेहमीच्या रुंदीकरणात जुना रस्ता तसाच ठेवतात, कडेला चर खणून त्यात नवा माल भरतात, आणि वरून दोन्हींवर एकच काळी चादर ओढतात. जुना भाग वीस वर्षं दबून बसलेला, नवा अजून बसायचाय. दोन पावसाळ्यांत त्या जोडावर लांबच लांब भेग पडते. तुम्ही स्वतः पाहिली असेल, रस्त्याच्या कडेला समांतर, कोणी पेन्सिलने ओढल्यासारखी. त्यात पाणी जातं, कड सुटते, आणि नेमकी त्याच कडेवर दुचाकी घसरते. पूर्ण खोलीच्या पद्धतीत आधी कडेची पट्टी पायऱ्या पाडून भरतात, नीट दाबतात, आणि मग यंत्र जुन्या-नव्यावरून सरसकट फिरतं. त्या थरात जोड उरत नाही.

पण थराखालची जमीन काही यंत्र बदलत नाही. हावड्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'पुकुर' असतात, तळी. मासे, कपडे, भांडी, आंघोळ सगळं त्यात. रस्ता रुंद करायचा म्हणजे तळ्याच्या काठावर भराव टाकायचा, आणि तो सरकतो. इथे काठाला सालाच्या लाकडाचे खांब ठोकतात, 'शालबल्ला'. चार-सहा वर्षं टिकतात. तळं बुजवून टाका म्हणाल, तर बंगालमध्ये तो कायद्याने गुन्हा आहे, आणि असायलाच हवा, पुराचं पाणी जाणार कुठे? माझं मत सांगतो: जिथे तळं आहे तिथे साडेपाच मीटरचा हट्ट सोडावा. तेवढ्या पन्नास मीटरात रस्ता अरुंद ठेवावा आणि दोन्ही टोकांना गाड्या थांबायला जागा करावी. नकाशात ते कुरूप दिसतं. चालतं.

साइडपट्टीत आणखी एक पाहुणा असतो. गेल्या काही वर्षांत जलजीवन मिशनच्या नळाच्या वाहिन्या गावोगावी नेमक्या साइडपट्टीतून गेल्या, महाराष्ट्रातही आणि इथेही. रुंदीकरण त्याच पट्टीत. वाहिनी खोल नसेल तर यंत्राचे दात तिच्यावर बसतात आणि गावाचं पाणी बंद होतं. रस्त्याचं खातं वेगळं, पाण्याचं वेगळं, दोघांचे नकाशे वेगळे.

सिमेंटचे दोषही सांगायला हवेत, कारण विकणारे ते सांगत नाहीत. सिमेंट घातलेला थर आकसतो आणि आकसताना भेगा पडतात. त्या वरच्या डांबरात उमटतात. म्हणून मध्ये ताण शोषणारा एक पातळ थर घालावा लागतो, आणि पैसे कमी पडले की सगळ्यात आधी तोच उडवतात. दुसरं, झामा वीट. ती पाणी पिते आणि दातांखाली भुगा होते. दगडी खडीच्या रस्त्यावरून काढलेलं सिमेंटचं प्रमाण विटेच्या रस्त्याला चालत नाही, त्याच रस्त्याचा माल प्रयोगशाळेत नेऊन ठरवावं लागतं. तिसरं, कार्बन. साडेपाच मीटर रुंद, वीस सेंटिमीटर जाड थराला चार टक्के सिमेंट धरलं तर किलोमीटरला ९० टनांहून जास्त, म्हणजे अठराशेवर गोण्या. एकशे दहा ट्रक वाचले म्हणून हे काम आपोआप 'हिरवं' ठरत नाही. डोंगर वाचतो, रस्त्याची उंची वाचते, ते खरं. धुराच्या हिशेबात सौदा जेमतेम बरोबरीचा आहे. लोखंडाच्या भट्टीतली मळी घातलेलं स्लॅग सिमेंट या भागात सहज मिळतं, ते वापरलं तर बरंच सुधारतो.

आणि सात दिवस. एकच रस्ता असलेल्या गावात तो सात दिवस बंद कसा ठेवणार? टोटो, म्हणजे इथली बॅटरीची रिक्षा, हलकी असते, ती लवकर सोडता येते. विटांनी भरलेला ट्रक सोडता येत नाही. आणि ट्रकवाला रात्री येतो. थर पिकायच्या आधी एक ट्रक गेला तर वरून काही दिसत नाही, आतून मात्र थर तुटलेला असतो. यावर यंत्र नाही, अडथळा आणि रात्री जागणारा माणूस हाच उपाय.

आता पैशाचं. नेहमीच्या कामात ठेकेदाराला नव्या खडीचे पैसे घनमीटरवर मिळतात. जितकी नवी खडी तितकं बिल. जुना माल 'निघालेलं सामान' म्हणून अंदाजपत्रकात किरकोळ वजावटीत जातो. मग त्याची किंमत कोणालाच नसते. खरवडलेला माल ट्रकने कुठे गेला याची नोंद कोणी मागत नाही. मी एका ठिकाणी तो कोणाच्या तरी प्लॉटचा भराव झालेला पाहिलाय. उलट पुनर्वापराचं काम चौरस मीटरवर, थराच्या मजबुतीवर मोजायचं असतं. पण थराची जाडी वरून दिसत नाही, आणि सिमेंट चारऐवजी अडीच टक्के पडलं तर तेही दिसत नाही. म्हणजे चोरीची जागा नाहीशी होत नाही, ती खडीच्या ढिगाऱ्यावरून सिमेंटच्या गोणीत सरकते. नमुने घेऊन दाबून बघणं, आणि ते खात्याबाहेरच्या कोणीतरी बघणं, याशिवाय इलाज नाही.

उत्तर प्रदेशने ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात हे मोठ्या प्रमाणावर केलं, काही हजार किलोमीटर. तिथून शिकण्यासारखं सगळ्यात मोठं म्हणजे कामांची मोट. ही यंत्रं महाग आहेत. दोन किलोमीटरच्या कामासाठी कोणी ती आणत नाही, आणि आणलीच तर दर इतका चढतो की कोणी पुन्हा विचारत नाही. आपल्या महाराष्ट्रात आणि इथे बंगालमध्येही कामांचे तुकडे पाडायची सवय आहे, कारण प्रत्येक तुकड्याला एक नारळ आणि एक पाटी मिळते. एका तालुक्यातले पंचवीस-तीस किलोमीटर एकत्र काढले तरच हे गणित बसतं. सह्याद्रीच्या पायथ्याला खडी शेजारीच आहे, तिथे कदाचित कधीच बसणार नाही. मराठवाड्यातल्या काळ्या मातीत, जिथे रस्ता दर उन्हाळ्यात भेगाळतो आणि पावसाळ्यात फुगतो, तिथे मात्र विचार करण्यासारखं आहे. फक्त त्या मातीला सिमेंटआधी चुना लागेल.

शेवटचा भाग खड्ड्यांचा, म्हणजे आपण मुद्दाम खणायच्या खड्ड्यांचा. निविदा काढण्याआधी दर दोनशे-तीनशे मीटरवर, एकदा डाव्या कडेला, एकदा उजव्या, दोन फूट बाय दोन फुटांचा खड्डा घ्या. माती लागेपर्यंत. प्रत्येक थराची जाडी पट्टी लावून फोटो काढा. खडी किती, वीट किती, माती किती ओली. पावसाळा संपल्या संपल्या घ्या, मे महिन्यात सगळ्याच जमिनी चांगल्या असतात. हे आकडे निविदेलाच जोडा, म्हणजे रस्त्यात किती माल होता हे सगळ्यांना आधीच माहीत असेल. एका किलोमीटरला दोन मजूर आणि दोन-तीन दिवस, एवढाच खर्च. आणि खणताना गावातल्या दोन वयस्क माणसांना बोलवा. अभिलेखात रस्ता एका वर्षीचा असतो, पण ते खड्ड्यात वाकून सांगतात, ही वीट पुरानंतरच्या वर्षी पडली, ही खडी पुढच्या निवडणुकीच्या आधी, आणि इथे खाली जुनी मोरी होती, ती बुजवली. ती मोरी कुठल्याच नकाशात नसते आणि पाणी अजून तिकडेच जात असतं.

चला, प्रश्न घेऊ या.